पाय थांबवायची सोय नसलेली सायकल

सायकलच्या दुकानातल्या काकांनी फ्रीव्हील तळहातावर घेऊन अंगठ्याने फिरवलं. टिकटिकटिकटिक. मग कानाशी धरून पुन्हा फिरवलं, घड्याळजी धरतो तसं. म्हणाले, 'ताई, चांगलं आहे की हे. दोन्ही कुत्री जिवंत आहेत. यांना कशाला मारायचं?'

सायकलच्या दुकानाबाहेर स्टुलावर बसून ज्यांनी कधी तासभर घालवला नाही, त्यांच्यासाठी सांगते. फ्रीव्हील म्हणजे मागच्या चाकाचं दातेरी चक्र, त्याच्या पोटात स्प्रिंगवर बसवलेले छोटे खटके असतात, कारागीर त्यांना कुत्री म्हणतात. पायडल मारलं की ती दात धरतात आणि चाक ओढतात. पाय थांबवले की दातांवरून घसरत राहतात. उतारावर जी टिकटिक ऐकू येते ती त्यांचीच. मला ती बंद करून हवी होती, कायमची. मागचं चाक फिरतंय तोवर पायडलही फिरलंच पाहिजे, अशी सायकल. फिक्स्ड गिअर.

'म्हणजे लहान पोरांची तीनचाकी असते तशी?'

'तशीच.'

काकांनी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या पिकत चाललेल्या केसांकडे बघितलं, आणि फ्रीव्हील फडक्यात गुंडाळून पोऱ्याबरोबर शेजारच्या वेल्डिंगवाल्याकडे पाठवून दिलं.

का, हा प्रश्न तेव्हापासून तीन वर्षं माझ्या मागे आहे, आणि मी प्रत्येकाला वेगळं उत्तर दिलेलं आहे. ऑफिसात सांगितलं, व्यायाम जास्त होतो. आईला सांगितलं, पावसाळ्यात गिअर खराब होतात. ते खोटं नाही. पुण्यात कर्वेनगरहून शिवाजीनगरला रोज जाऊन-येऊन एका पावसाळ्यात माझ्या गिअरच्या सायकलची मागची डिरेलर, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवून गिअर बदलणारी यंत्रणा, चिखलाने पार खाल्ली होती, केबल गंजून आत अडकायच्या त्या वेगळ्याच. भाच्याला सांगितलं, युरोपातले रेसवाले पूर्वी थंडीत मुद्दाम अशीच सायकल चालवायचे, त्याने पाय गोल फिरायला शिकतात, धक्के मारत नाहीत. तेही खरं आहे.

पण यातलं एकही माझं कारण नव्हतं. माझं कारण नळ स्टॉपच्या सिग्नलला भेटलं.

ऑगस्टमधली संध्याकाळ होती, नुकताच पाऊस थांबलेला. मी सिग्नलला एक पाय खाली टेकून उभी. डाव्या बाजूला वीस-एकवीस वर्षांचा एक मुलगा येऊन थांबला, आणि थांबला म्हणजे नुसता थांबला. पाय खाली आलाच नाही. हँडल जरासं उजवीकडे वळवलेलं, दोन्ही पायडल आडव्या रेषेत, सायकल दोन बोटं पुढे, दोन बोटं मागे. आजूबाजूला रिक्षा, स्कूटर, एक पीएमपीची बस, सगळे गुरगुरतायत आणि हा मध्येच हवेत उभा. सिग्नल सुटला तसा तो गेला. टिकटिक नाही, काही नाही.

मला हेवा वाटला. बाकी काही भारदस्त नव्हतं त्यात. चाळिशी ओलांडलेल्या बाईला विशीतल्या पोराचा वाटावा तसा साधा हेवा. माझा समज असा आहे की बहुतेकांचं असंच होत असणार. आधी कुणालातरी चालवताना बघायचं, मग कारणं गोळा करायची. प्रदर्शनातून साडी घेऊन आल्यावर 'सुतीच आहे, रोज नेसता येईल' म्हणतो ना, तसं.

कारणं गोळा करताना वाचन मात्र पुष्कळ झालं. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये शेल्डन ब्राउन नावाचे मेकॅनिक होते, 2008 मध्ये वारले. साध्या रस्त्यावर फिक्स्ड चालवण्याबद्दल त्यांनी इतकं लिहून ठेवलंय की माझ्यासारखी मराठी माध्यमवालीसुद्धा रात्री दोनपर्यंत वाचत बसली. त्यातली एक गोष्ट मी काकांना पहिल्याच दिवशी सांगितली: या सायकलचं मागचं चाक फिरवून चालत्या चेनला फडकं लावायचं नाही. साध्या सायकलची चेन हात अडकला की थांबते. ही थांबत नाही, चाकाचा सगळा जोर घेऊन बोट दातांखाली ओढते. काका तीस वर्षं चेन तशीच पुसत आले होते. त्यांनी दोन्ही हात मागे घेतले.

सायकल बाबांची. बीएसए एसएलआर, निवृत्त झाल्यापासून पार्किंगमध्ये मेणकापडाखाली. स्टीलची फ्रेम, आणि मागचा एक्सल पुढेमागे सरकवून चेन ताणता येते, जे फिक्स्डला फार लागतं, कारण इथे चेन ढिली राहिली आणि उतरली तर चाकच जाम होऊ शकतं. बाबांनी परवानगी दिली, वर विचारलं, 'गिअरचा शोध लागायच्या आधी चाललीस की काय?' प्रश्न रास्त होता. टूर द फ्रान्स सुरू करणारे ऑन्री देग्रांज यांचा गिअर बदलण्याला विरोध होता, त्यांना तो लाड वाटायचा. टूरमध्ये डिरेलरला परवानगी मिळाली ती थेट 1937 साली. त्याआधी मागच्या चाकाच्या दोन बाजूंना दोन वेगळ्या मापांची चक्रं असायची, घाट आला की खाली उतरायचं, चाक काढायचं, उलटं फिरवून बसवायचं, पुन्हा निघायचं. मुंबई–पुणे शर्यतीतले सायकलवाले बघायला तासन्‌तास रस्त्याकडेला उभ्या राहिलेल्या बाबांना हे देग्रांज भलतेच आवडले.

वेल्ड झालेलं फ्रीव्हील संध्याकाळी हातात आलं. काळंनिळं पडलेलं, आतलं ग्रीस जळून वास येतोय. काकांनी फिरवून दाखवलं, म्हणजे फिरत नाही हे दाखवलं. 'गेली बिचारी.'

आता पहिली फेरी. लहानपणापासून आपण सायकलवर कसे बसतो? डावा पाय पायडलवर, उजव्याने जमिनीला दोन-तीन रेटे, सायकल पळायला लागली की टांग मागून पलीकडे. मी सवयीने तेच केलं. दुसऱ्या रेट्यालाच डाव्या पायाखालचं पायडल वर यायला लागलं आणि मी एका पायावर लंगडी घालत रस्त्याच्या मधोमध. चाक फिरलं की पायडल फिरणार, मग पायडलवर पाय स्थिर ठेवून टांग मारणार कशी? चाळीस वर्षांत सायकलवर बसायला मी दुसऱ्यांदा शिकले. आधी टांग टाकून उभं राहायचं, पायडल हवं त्या जागी आहे का बघायचं, नसेल तर सीट धरून मागचं चाक उचलायचं आणि पायाने पायडल जागेवर आणायचं. सिग्नलला आजही मी हे करते आणि मागचे लोक बघतात.

बसले, निघाले, शंभर मीटर झकास गेले. मग सोसायटीच्या कोपऱ्यावर वळण आलं आणि वळणावर पाय थांबवायची सवय आली. मी पाय थांबवले, सायकलने नाही थांबवले. उजवं पायडल खालून वर आलं आणि त्याने मला सीटवरून अलगद उचललं, खांद्यावर घेतलेल्या पोराला उचलतात तसं. पडले नाही. पण पोटात जो खड्डा पडला तो पुढचा आठवडाभर दिवसातून तीन-चारदा पडायचा, नेमका मन दुसरीकडे गेलं की. वाटाणे आणायचे आहेत हे आठवलं की सायकल उचलायची.

दुखणं कुठे असेल याचा माझा अंदाजही चुकला. वाटलं होतं मांड्या पुढून दुखतील. दुखल्या मागून, गुडघ्यामागच्या शिरांपासून वरपर्यंत. वेग कमी करायचा तर वर येणाऱ्या पायडलला दाबून धरायचं असतं, आणि ते काम करणारे स्नायू मी आयुष्यभर ब्रेकच्या दोन रबरांना भाड्याने दिले होते.

तिसऱ्या रविवारी चांदणी चौकाकडून पौड रोडने खाली यायचं ठरवलं. पहाटे, रस्ता रिकामा. आदल्या रात्री हिशोबही केला होता. बाबांच्या सायकलचं पुढचं चक्र 44 दातांचं, मागचं 18 चं, चाक 26 इंची, म्हणजे पायडलच्या एका फेऱ्याला सायकल साधारण पाच मीटर जाते. तासाला तीस किलोमीटर वेग म्हणजे मिनिटाला शंभर फेरे. चाळीस म्हणजे एकशे तेहतीस. कागदावर आकडा लहान दिसतो. उतारावर एकशे वीसच्या आसपास माझे पाय माझे राहिले नाहीत, मिक्सरच्या भांड्यात चमचा पडल्यासारखा आवाज दातांतून यायला लागला. मी पाय दाबून वेग तोडायला घेतला. दोन फेरे दाबले, तिसऱ्याला पायांखाली काहीच नाही. पायडल उलटं, मोकळं, गुळगुळीत फिरलं. खडखड झाली.

ब्रेक होते. दोन्ही. म्हणून आज हे लिहितेय. दोन्ही दाबून सायकल फुटपाथला लावली आणि मागे वाकून बघितलं तर फ्रीव्हील हबवरून, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यावरून, आटे सोडत बाहेर येऊन फ्रेमच्या कानाला टेकलं होतं, चेन लोंबत होती.

चूक शंभर टक्के माझी, कारण हे मी वाचलं होतं आणि 'बघू पुढे' म्हणून सोडून दिलं होतं. फ्रीव्हील हबवर साध्या आट्यांनी बसतं. पुढे पायडल मारत राहिलं की ते घट्टच होत जातं, म्हणून त्याला वेगळा नट लागत नाही. मागे ओढायचा प्रसंग साध्या सायकलवर येतच नाही, कुत्री आहेत ना. कुत्री मारली की प्रत्येक वेळी पायाने वेग तोडताना आपण ते उघडायला बघतो. शर्यतीच्या खऱ्या ट्रॅक सायकलच्या हबवर म्हणून चक्राच्या बाहेर एक लॉकरिंग असते, तिचे आटे उलटे, डाव्या हाताचे. चक्र सुटायला लागलं की ते रिंगला ढकलतं आणि रिंग आणखी आवळली जाते. काकांना सोमवारी हे सांगितलं तेव्हा त्यांना चित्र काढून दाखवावं लागलं नाही. 'डाव्या पायडलसारखं,' ते म्हणाले. सायकलच्या डाव्या पायडलचे आटेही उलटेच असतात, नाहीतर चालवता चालवता ते सुटून पडलं असतं. मग जरा रागावून, 'हे आधी सांगायचं ना. मी तुम्हाला तसं दिलंच नसतं.'

ट्रॅकचा हब, चक्र आणि लॉकरिंग ऑनलाइन मागवले. जेवढे पैसे गेले ते बाबांना अजून सांगितलेले नाहीत. हब आला तो 32 भोकांचा. आपल्या देशी सायकलच्या मागच्या रिमला भोकं चाळीस, पुढच्या रिमला बत्तीस. साहेबाच्या वेळची पद्धत आहे, मागे वजन जास्त म्हणून तारा जास्त. आता 32 चा हब 40 च्या रिमला कसा जोडणार? मी कपाळाला हात लावला. काकांनी वर टांगलेल्या रिमांकडे बघितलं, काठीने एक खाली काढली आणि म्हणाले, 'पुढची रिम मागे लावू. रिमला काय कळतंय ती पुढची का मागची?' हब फ्रेमपेक्षा थोडा रुंद निघाला, तर मागचे चिमटे हाताने फाकवून बसवला. स्टीलची फ्रेम, ऐकते. तारा भरून चाकाचा आऊट काढायला त्यांना दुपार लागली, आणि त्या दुपारी त्यांनी माझ्याकडून फक्त चहाचे पैसे घेतले. बाकीचे नंतर, सायकल पंधरा दिवस नीट चालली तर, असं ठरलं.

मागचं चक्र या वेळी 17 दातांचं घेतलं. त्यालाही एक गंमतीशीर कारण आहे. हे फिक्स्डवाले ब्रेक न लावता सायकल घसरवून थांबवतात. अंग पुढे टाकून मागच्या चाकावरचं वजन काढायचं, पाय आवळून पायडल आडवं धरायचं, की चाक फिरायचं थांबून रस्त्यावर घसटत जातं. पायडल दर वेळी त्याच जागी धरलं जातं, म्हणून टायरही ठरावीक जागांवरच झिजतो. किती जागा, ते दातांच्या अपूर्णांकावरून निघतं. 44 छेद 16 ला संक्षेप दिला की 11 छेद 4, म्हणजे टायरवर चारच जागा, चार ठिकाणी टक्कल. 44 छेद 17 ला संक्षेपच जात नाही, म्हणून सतरा जागा. पाचवीचं गणित असं टायरवर उगवलेलं बघून मी शाळेतल्या बाईंची मनात माफी मागितली. घसरवायला मात्र मी शिकले नाही. शाळेच्या मैदानावर एकदा प्रयत्न केला, दोन फूट घसटले, धुळीत रेघ उठली, भाच्याने फोटो काढला, झालं समाधान.

ब्रेकबद्दल माझं मत कडक आहे, तेव्हा इथेच सांगून टाकते. पुष्कळ मुलं फिक्स्ड केल्या केल्या दोन्ही ब्रेक काढून टाकतात, हँडल मोकळं छान दिसतं म्हणून. ट्रॅकच्या सायकलला ब्रेक नसतात हे खरं. जपानात 1948 पासून केइरिन नावाची ट्रॅकवरची शर्यत खेळतात, त्या सायकलींना नसतात. बेल्जियमचे सायकलपटू एडी मर्क्स यांनी 1972 मध्ये मेक्सिको सिटीत एका तासात 49.431 किलोमीटर कापले, त्या सायकललाही नव्हता. पण ट्रॅकवर सगळे एकाच दिशेने जातात. तिथे समोरून उलट्या बाजूने स्कूटर येत नाही, उसाच्या गाड्यावरून पोरगं पळत रस्त्यात येत नाही, म्हैस बसलेली नसते. आपल्या बालेवाडीच्या क्रीडासंकुलात सायकलचा ट्रॅक आहे. कुंपणापलीकडून बघितलं तरी कळतं की त्या तिरप्या भिंतीचं आणि लक्ष्मी रोडचं काही नातं नाही. पाय म्हणजे फक्त मागचा ब्रेक, आणि खरी थांबण्याची ताकद पुढच्या चाकात असते. चांदणी चौकाच्या उतारावर माझ्या मागच्या चाकाला काहीच उरलं नव्हतं, तेव्हा पुढच्यानेच धरलं.

सिग्नलला उभं राहायला शिकायला अकरा महिने लागले. युक्ती फिक्स्डमध्येच आहे. साध्या सायकलवर पायडल उलटं फिरवलं तर ते नुसतं मोकळं फिरतं, इथे सायकल खरोखर मागे जाते. म्हणून पुढे झुकलं की किंचित मागे, मागे गेलं की किंचित पुढे, पाळणा हलवल्यासारखं. रात्री जेवण झाल्यावर पार्किंगमध्ये रोज दहा मिनिटं. वॉचमनने पहिले काही दिवस काळजीने विचारलं, नंतर तो मोजायला लागला. 'सोळा, ताई. काल एकोणीस होते.'

नळ स्टॉपला पहिल्यांदा पूर्ण सिग्नलभर उभी राहिले तेव्हा शेजारी एक काकू स्कूटरवर होत्या. त्यांनी बघितलं आणि विचारलं, 'पाय टेकत नाहीये का? सीट उंच झाली असेल, कमी करून घे.'

हेवा तिथे संपला. आता काय उरलं, असं वाटून मी दोन दिवस गिअरची सायकल काढली. आणि उतारावर पाय थांबले, टिकटिक सुरू झाली, तशी मी रस्त्यावरून उठून ऑफिसात गेले. म्हणजे मनाने. सकाळची मीटिंग, न पाठवलेली मेल. म्हात्रे पूल कधी आला कळलं नाही. ते कळलं नाही हे मात्र कळलं, आणि हे पूर्वी रोज होत होतं. फिक्स्डवर ते जमत नाही. तिथे पुढची वीस-तीस मीटर सतत वाचत जावं लागतं. ती रिक्षा कडेला घेणार, कारण मागे बसलेल्या बाईंनी पर्स उघडली. बसचं मागचं दार उघडं आहे, कुणीतरी उतरणार. स्पीडब्रेकर येतोय, तर त्यावर पायडल कुठल्या जागी असेल ते आत्ताच ठरवायचं, कारण तिथे पाय समान धरून उभं राहता येणार नाही. म्हणून आधीच, थोडासा, पायाने वेग मोडायचा. बघणाऱ्याला काहीच दिसत नाही. ब्रेकला हातही लागत नाही. गर्दीच्या लक्ष्मी रोडवर कधीकधी टिळक चौकापर्यंत असं जमून येतं, आणि मग दोन दिवस मी उगीच खुशीत असते.

तोटे आहेतच. सिंहगड रस्त्याने खडकवासल्याला जाते, पण गडाचा घाट या सायकलने चढायचा विचारही केलेला नाही, आणि उतरायचा तर अजिबात नाही. बुटाची नाडी एकदा चेनमध्ये गेली, तर सायकलने बूट ओढून धरला आणि मी त्याच पायाने पाच-सहा फेरे बळजबरीने मारत कशीबशी थांबले. तेव्हापासून नाड्या आत खोचते, सलवारीला उजव्या पायावर रबर. गुडघा कुरकुरला की आठवडाभर गिअर काढते, त्यात कमीपणा नाही.

वेल्ड केलेलं ते फ्रीव्हील काकांनी फेकलं नाही. दुकानात पंपाच्या वर खिळ्याला टांगलंय.

गेल्या महिन्यात दुपारी त्यांचा फोन आला. 'ताई, एक पोरगं आलंय. फ्रीव्हील वेल्ड करून द्या म्हणतंय. मी म्हटलं, आधी आमच्या ताईंशी बोल.' फोन मुलाकडे गेला. त्याने नमस्कार केला आणि घाईघाईने सांगायला लागला, व्यायाम होतो, मेंटेनन्स कमी, पावसाळ्यात बरं पडतं. सगळं ओळखीचं. मी विचारलं, 'कुणाला बघितलंस चालवताना?'

जरा वेळ गेला. 'नळ स्टॉपला,' तो म्हणाला, 'एक काकू होत्या.'

'बरं. ब्रेक काढणार आहेस का?'

तो काही बोलला नाही.

'काकांकडे फोन दे,' मी म्हटलं.